दाल बाजारातला खोकला

दाल बाजारात खोकणाऱ्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. तुरीची, मसुराची, हरभऱ्याची पोती दिवसभर चढत-उतरत असतात, चाळण्या हलत असतात, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक पिवळसर धूळ रस्त्यावर तरंगत राहते. आढतीवरचा मुनीम खोकतो, पल्लेदार खोकतात, हातगाडीवाला खोकत खोकतच वाट मागतो. ज्या वाचकांनी आमचे लष्कर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ फौजेचा तळ दिला, तो पुन्हा उठला नाही आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. म्हणून नाव लष्कर. पाटणकर बाजार, फालका बाजार, दानाओळी, चिटणिसांची गोठ ही नावे अजून आमच्या पूर्वजांची साक्ष देतात, जरी ती उच्चारणाऱ्या तोंडांत मराठी तोंडे आता थोडीच उरली आहेत. आमचे घर या बाजारातले; खाली गोदाम, वर माडी. आमचा जन्म त्याच माडीवरचा, आणि चौतीस वर्षे मुलांना जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो तेही तिथूनच ये-जा करून. तेव्हा खोकला म्हटला की धूळ, हे समीकरण आमच्या अंगात पुरते मुरलेले होते. ते २०२४ च्या हिवाळ्यात मोडले.

कार्तिकी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल. थोडे नाक वाहिले, घसा खवखवला आणि मग खोकला सुरू झाला. ताप नाही, अंगदुखी नाही. दिवसा माणूस ठणठणीत. रात्री मात्र एकदा उबळ आली की वीस-पंचवीस खोकले एकापाठोपाठ, मध्ये श्वास घ्यावयास उसंत नाही, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी. जवळच्या एका डॉक्टरांनी गोड औषधाची बाटली दिली व धुळीपासून जपा म्हणून सांगितले. आम्हीही तेच धरून चाललो. त्याच सुमारास आमची धाकटी कन्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला मुलगी झाली, बाराव्या दिवशी बारसे झाले, आणि दिवेलागणीला नातीला मांडीवर घेऊन रामरक्षा म्हणण्याचे काम आमच्याकडे आले. आमच्या घरात हे काम आजोबांचेच. म्हणता म्हणता खोकला येई, मग मान बाजूला वळवून खोकावयाचे आणि तुटलेल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करावयाची. मान बाजूला वळवली म्हणजे काळजी घेतली, असे आम्हांस वाटत होते.

मूल पाच आठवड्यांचे असताना त्याला जरा सर्दी झाली. पाच-सहा दिवस गेले. एका पहाटे कन्येने हाक मारली ती विसरणे शक्य नाही. मूल रडत नव्हते, खोकतही नव्हते. ते नुसते थांबले होते. ओठ जांभळे, डोळे उघडे, छाती हलत नाही. तिने पाठीवर थोपटले, पायाला चिमटा काढला, तेव्हा कुठे एक बारीक उचकीसारखा श्वास आला. आम्ही जिन्यावरून कसे उतरलो, गाडी कोणी काढली, काही आठवत नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत असे आणखी दोनदा झाले.

तेथील बालरोगतज्ज्ञ बाई वयाने आमच्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी प्राणवायू लावला, रक्त घेतले, आणि तासाभराने अहवाल हातात घेऊन बाहेर आल्या. पांढऱ्या पेशी अठ्ठावन्न हजार, त्यांतही लसिकापेशी फार. त्यांनी आमच्या कन्येकडे किंवा जावईबापूंकडे पाहिले नाही. विचारले ते एवढेच : "बाबूजी, घर में खाँसता कौन है?"

उत्तर देण्याची गरज पडली नाही. आम्हांस त्याच क्षणी उबळ आली.

"काली खाँसी" हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा आमचा पहिला उद्गार होता की, ते शक्यच नाही. काली खाँसी म्हणजे आपला डांग्या खोकला. काही घरांत त्याला माकडखोकलाही म्हणतात. आणि डांग्या खोकला तर आम्हांस होऊन गेलेला होता, सहाव्या वर्षी, याच घरात.

ते साल १९६१. आम्ही शाळेतून खोकला घेऊन आलो. वर्गात निम्मी मुले खोकत होती, तेव्हा त्याचे कोणास नवल वाटले नाही. आठ-दहा दिवसांत घरातल्या साऱ्या भावंडांना तो लागला. चुलत भावंडे धरून आम्ही सात. त्या खोकल्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना तो सांगावा लागत नाही. खोकल्यांची माळ लागते, चेहरा लाल होतो, मग काळवंडतो, जीभ बाहेर येते, आणि शेवटी आत ओढलेला श्वास असा काही आवाज करतो की शेजारच्या माडीवरचे लोक उठून बसतात. त्यानंतर वांती. माई प्रत्येकाच्या उशाशी राखेचे ताट ठेवीत असे. अडुळशाचा काढा, काकडशिंगीचे चूर्ण मधातून, ज्येष्ठमधाची काडी. कोणी सांगितले म्हणून गाढविणीचे दूधही आणले गेले. आम्ही मोठी मुले चैत्रापर्यंत खोकून खोकून बरी झालो. चिनी आणि जपानी भाषांत या रोगाचे नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असे आहे, हे आम्ही पुढे वाचले तेव्हा माईने भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा आठवल्या.

आमच्या धाकट्या भावाला शंभर दिवस मिळाले नाहीत. तो दहा महिन्यांचा होता. त्याने फारसा आवाज केला नाही, एवढे आठवते. मोठ्या मुलांच्या आवाजात तो ऐकूही आला नसता.

माई त्यानंतर चाळीस वर्षे जगली. खोकला घरात कोणी आणला हे तिला ठाऊक होते. ते तिने एकदाही उच्चारले नाही. उलट पुढे कधी शेजारी डांग्या खोकल्याचे मूल असले की ती आम्हांस धीर देई : "तुला झालाय तो, तुला आता भय नाही. एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही." हे तिचे वाक्य आम्ही पुढे चौतीस वर्षे वर्गात शिकवले, हे येथे कबूल केले पाहिजे. गोवर एकदा, कांजिण्या एकदा, डांग्या खोकला एकदा. फळ्यावर असे लिहून मुलांकडून पाठ करून घेतले. पहिल्या दोहोंविषयी ते बहुतांशी खरे आहे, तिसऱ्याविषयी नाही. डांग्या खोकला होऊन गेल्यावर मिळणारे संरक्षण चार ते वीस वर्षे टिकते, असा आजचा अंदाज आहे. लसीने मिळणारे त्याहून थोडे कमीच. आमची मुदत, म्हणजे, शाळेत शिकवू लागलो तेव्हाच संपत आली असावी.

नात एकोणीस दिवस रुग्णालयात होती. त्या एकोणीस दिवसांत बाहेरच्या बाकावर बसून आम्ही जे वाचले, आणि डॉक्टर बाईंना वेळ असेल तेव्हा विचारून घेतले, ते येथे सांगावेसे वाटते. जुन्या शिक्षकाची खोड म्हणा. पण त्यात एक अशी गोष्ट आहे की जी कळल्यावर रागाऐवजी आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले.

हा जंतू फक्त माणसात राहतो. जमिनीत नाही, पाण्यात नाही, जनावरांत नाही. दाल बाजारच्या धुळीत तर मुळीच नाही. त्याचे शास्त्रीय नाव बोर्डेटेल्ला पर्टुसिस. ज्यूल बोर्डे आणि ऑक्टाव्ह जाँगू या दोन शास्त्रज्ञांनी ब्रुसेल्स येथे १९०६ साली तो प्रथम वेगळा करून वाढवला. रोग अर्थात फार आधीपासूनचा. १५७८ साली पॅरिसमध्ये आलेल्या साथीचे वर्णन गियोम द बायू या वैद्याने करून ठेवले आहे. शेकडो पिढ्या केवळ माणसाच्या घशात काढलेल्या या जीवाने माणसाच्या संरक्षणव्यवस्थेचा अभ्यास केला नसता तरच नवल.

आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म लव असते. ही लव सतत एका लयीत वर हलत असते, आणि धूळ, कचरा, जंतू, जे काही चिकट पातळ थरात अडकेल ते घशाकडे लोटीत असते. पहाटे बाजार उघडण्याआधी झाडूवाले ज्याप्रमाणे रस्ता झाडीत पुढे सरकतात, तसे. डांग्या खोकल्याचा जंतू आत आला की थेट या झाडूलाच मिठी मारतो. त्याच्या अंगावर त्यासाठी खास चिकटणारी प्रथिने असतात. मग तो एक लहानसे विष सोडतो आणि लव असलेल्या पेशी मरू लागतात. झाडणारेच नाहीसे झाले की कचरा साचतो आणि तो बाहेर काढण्यास खोकल्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. जंतू केव्हाच निघून गेले तरी खोकला महिनोन्‌महिने राहतो, त्याचे एक कारण हेच की, नव्या पेशी येऊन लव पुन्हा उगवण्यास वेळ लागतो.

इथपर्यंत ठीक. पण शरीराने एव्हाना फौज पाठवावयास हवी. ती का येत नाही? येथेच नातीच्या रक्ताचा तो आकडा समजतो. पांढऱ्या पेशी रक्तातून वाहत असतात, आणि जेथे संकट असेल तेथून येणारा रासायनिक इशारा ओळखून रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात. या जंतूचे मुख्य विष, ज्याला शास्त्रज्ञ पर्टुसिस विष म्हणतात, ते या पेशींच्या आत शिरून इशारा वाचण्याची यंत्रणाच बंद पाडते. पेशी जिवंत असतात, संख्येने वाढतही असतात, परंतु बाहेर पडण्याचा हुकूम त्यांना ऐकूच येत नाही. त्या रक्तातच फिरत राहतात. बाई म्हणाल्या, "पूरा लश्कर सड़क पर है, और चोर माडी पर." त्या मूळच्या येथल्याच, म्हणून उपमा सुचली असावी, आम्हांस मात्र ती जन्मभर पुरेल. तान्ह्या मुलात ही गर्दी इतकी वाढू शकते की फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हृदयावर ताण येतो. म्हणून रोज सकाळी त्या आकड्याची वाट आम्ही परीक्षेच्या निकालासारखी पाहत असू. एकदा तो बासष्ट हजारांवर गेला. त्या दिवशी आमच्या घरात कोणी जेवले नाही.

तरीही काही भक्षक पेशी जंतूपर्यंत पोहोचतातच. जंतूला पकडणे, गिळणे व जाळून टाकणे हे त्यांचे काम. त्यांच्यासाठी दुसरे विष तयार असते. या विषाची करामत अशी की, जंतूच्या पोटात असताना ते निद्रिस्त असते. त्याला जागे करणारे प्रथिन, कॅल्मोड्युलिन, जंतूजवळ नसतेच. ते असते आपल्या पेशींत. विष भक्षक पेशीत शिरले की तिचेच कॅल्मोड्युलिन त्याला जागे करते, आणि मग ते पेशीत एका साध्या संदेशवाहक रसायनाचा असा पूर आणते की पेशी गिळावयाचे विसरून जाते. घरात शिरलेल्या चोराने घरमालकाच्याच किल्लीने तिजोरी उघडावी, त्यातला हा प्रकार. काही जंतू तर भक्षक पेशीने गिळल्यावरही तिच्या आत काही काळ तग धरतात असे दिसून आले आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि हीच ती आश्चर्याची. आपल्या रक्तात काही प्रथिनांची एक साखळी असते. परक्या जंतूवर ती एकामागून एक चढते आणि शेवटी त्याच्या कवचाला भोक पाडते. इंग्रजीत हिला 'कॉम्प्लिमेंट' म्हणतात, आपण पूरक म्हणू. ही साखळी आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून तिला आवर घालणारी काही प्रथिनेही आपल्या रक्तात असतात. डांग्या खोकल्याचा जंतू ही आवर घालणारी प्रथिने रक्तातून वेचून आपल्या अंगावर पांघरतो. दरबारचा शिक्का असलेली वस्त्रे अंगावर आहेत म्हटल्यावर पहारेकरी सोडून देणारच. आणि या पूरक साखळीच्या कार्याचा उलगडा करणारा शास्त्रज्ञ कोण, तर तेच ज्यूल बोर्डे! त्या कामासाठी त्यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे एक शस्त्र त्यांनी जगाला दाखवले, आणि त्या शस्त्राला चकवणारा जंतूही त्यांनीच शोधून काढला. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी असा संबंध आहे हे कळावयास त्यांच्यामागे कित्येक दशके जावी लागली. रुग्णालयाच्या बाकावर हे वाचताना क्षणभर आम्ही कोठे बसलो आहोत याचा विसर पडला, आणि लगेच त्याची लाजही वाटली.

जपानी संशोधकांनी २०२२ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, ही पांघरूण घेण्याची युक्ती करणारे एक प्रथिन, जंतूच्या कवचातले एक द्रव्य आणि ते मुख्य विष, ही तिन्ही मिळून खोकल्याच्या मज्जातंतूंना भडकवतात. म्हणजे लपण्याची आणि खोकला आणण्याची साधने काही अंशी एकच आहेत. जंतूच्या दृष्टीने हा हिशेब चोख आहे. खोकला झाला की तो पुढच्या माणसाकडे जातो. तान्ह्या मुलाचा जीव घेण्यात त्याचा काहीच लाभ नाही. तो आमच्यासारख्या खोकत खोकत हिंडणाऱ्या म्हाताऱ्यावर जगतो.

तपासणीचा निकाल चार दिवसांनी आला. नातीच्या नाकातल्या स्रावात तोच जंतू होता. आमची तपासणी करावी काय, असे आम्ही विचारले. बाई म्हणाल्या की, पाच आठवड्यांनंतर नाकात जंतू सापडण्याची शक्यता फार थोडी. तो केव्हाच निघून गेला असेल. औषध मात्र घरातल्या सर्वांनी घ्यावयाचे, ते आम्ही घेतले. तेव्हा खोकला आमच्याकडूनच गेला हे कागदोपत्री सिद्ध झालेले नाही. जावईबापू दोनदा म्हणाले की, बारशाला पन्नास माणसे आली होती, कोणाकडूनही लागला असेल. ते त्यांचे सौजन्य. बारशाच्या पन्नास माणसांपैकी रोज सायंकाळी अर्धा तास मांडीवर घेऊन बसणारा एकच होता.

लसीविषयी लिहावयास हवे, कारण आमच्या वाचकभगिनींचा पहिला प्रश्न तोच असेल. मुलीला लस दिली नव्हती का? नव्हती, पहिली मात्रा सहा आठवड्यांना असते आणि ती पाच आठवड्यांची होती. आमच्या कन्येला गर्भारपणी सुई टोचली होती, ती सरकारी कार्यक्रमातली टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्या खोकल्याचा अंश तीत नसतो. तो असलेली टीडॅप नावाची लस गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या सुरुवातीस घेतली तर आईची प्रतिपिंडे नाळेतून मुलाकडे जातात, आणि पहिले दोन-तीन महिने, मुलाच्या स्वतःच्या मात्रा सुरू होईपर्यंत, त्याला आसरा देतात. इंग्लंडात २०१२ सालापासून गर्भवतींना डांग्या खोकल्याची लस देतात. आपल्याकडील तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनाही टीडॅपची शिफारस करतात, परंतु ती खाजगीत, पैसे मोजून घ्यावी लागते. आम्हांस ती कोणी सांगितली नाही, हे खरे. आम्हीही विचारले नाही, हे त्याहून खरे. जीवशास्त्राचा शिक्षक घरात असताना.

या लसीचा इतिहास मोठा आहे, तो सारा सांगत बसत नाही. त्यातली दोन माणसे मात्र आम्हांस जवळची वाटली. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या गावी १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्रिया दिवसभर प्रयोगशाळेत काम करून सायंकाळी गरिबांच्या घरोघर जात, खोकणाऱ्या मुलांच्या तोंडासमोर जंतू वाढवण्याची काचेची तबकडी धरीत आणि नमुने गोळा करून आणीत. त्यांतून तयार झालेल्या मारलेल्या जंतूंच्या लसीने त्या देशातील डांग्या खोकल्याचे मृत्यू झपाट्याने खाली आणले. दोघीही आधी शाळेत शिक्षिका होत्या.

पुढे या लसीवर लोकांची मर्जी खपा झाली. हात सुजतो, ताप येतो, हे खरेच होते. पण तिने मेंदूला इजा होते असा बोभाटा १९७४ नंतर इंग्लंडात झाला आणि लस घेणाऱ्या मुलांचे प्रमाण शेकडा ऐंशीच्या आसपास होते ते तिसावर आले. खोकला परतला. जपानात दोन अर्भकांच्या मृत्यूनंतर १९७५ साली लस काही काळ थांबवली गेली, आणि १९७९ साली तेथे १३ हजार मुलांना डांग्या खोकला होऊन ४१ दगावली. मेंदूच्या त्या आरोपाविषयी पुढे, २००६ साली, ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले की, लसीनंतर आजारी पडली म्हणून सांगितलेल्या ज्या मुलांना त्यांनी तपासले त्यांपैकी बहुतेकांच्या आजाराचे मूळ जन्मजात जनुकदोषात होते. परंतु दरम्यान, १९८१ साली, जपानने संपूर्ण जंतूऐवजी त्यातील निवडक शुद्ध अंश वापरलेली सौम्य लस आणली होती, आणि श्रीमंत देशांनी हळूहळू तीच स्वीकारली.

सौम्य लस मुलाला आजारातून वाचवते, यात शंका नाही. पण जंतूने तिच्याशीही जुळवून घेतले. लसीतल्या निवडक अंशांपैकी एक पर्टॅक्टिन नावाचे प्रथिन. अनेक देशांत आता असे जंतू पसरले आहेत की जे पर्टॅक्टिन बनवीतच नाहीत. ज्या खुणेवरून ओळखले जाण्याची भीती ती खूणच पुसून टाकली! अमेरिकेत बबून माकडांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, सौम्य लस दिलेली माकडे खोकली नाहीत, परंतु त्यांच्या घशात जंतू कित्येक आठवडे राहिला आणि शेजारच्या माकडांना लागला. जुनी, दुखणारी लस दिलेल्या माकडांच्या घशातून तो पुष्कळ लवकर गेला. आपल्या देशाच्या सार्वत्रिक कार्यक्रमात अजून तीच जुनी संपूर्ण जंतूंची लस आहे. आता ती पाच रोगांच्या एकत्रित लसीतून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात, आणि पुढे दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान व पाचव्या-सहाव्या वर्षी वर्धक मात्रा. भारतात १९८७ साली नोंदलेले रुग्ण सुमारे १ लाख ६३ हजार होते. २०११ साली ते ३९ हजारांवर आले. आमचा मोठा नातू पुण्यास असतो, त्याला 'न दुखणारी' सुई दिल्याचे आमच्या सूनबाईंनी मोठ्या समाधानाने कळवले होते. त्यात तिची चूक नाही, लेकराचे रडणे कोणास हवे? पण पहिल्या तीन मात्रा तरी शक्यतो जुन्या लसीच्या असाव्यात, असा सल्ला आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पूर्वी दिला होता, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

बाविसाव्या दिवशी, म्हणजे घरी आणल्यावर तीन दिवसांनी, नात मोठ्याने रडली. भुकेने, रागाने, छाती भरून. कन्या तिला उचलावयास धावली नाही. दारात उभी राहून ऐकत राहिली. आम्ही ओटीवर बसलो होतो, तेथपर्यंत तो आवाज आला. जवळ जाण्याचे मात्र धैर्य झाले नाही. आमचा खोकला अद्याप अधूनमधून येत होता, आणि तो आता कोणालाही लागण्यासारखा उरलेला नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले असतानाही आम्ही होळीपर्यंत तिला मांडीवर घेतले नाही. रामरक्षा तेवढी दारातून म्हणत असू. शेवटी एका सायंकाळी कन्येनेच तिला आणून आमच्या मांडीवर ठेवले आणि काही न बोलता आत निघून गेली. तिची आजी असती, म्हणजे माई, तर तिनेही हेच केले असते असे वाटले.

आता त्या दोघी इंदुरास गेल्या आहेत. आम्ही टीडॅपची सुई घेतली. डाव्या दंडाला दोन दिवस ठणका लागला. आमच्याबरोबर नित्य फिरावयास येणाऱ्या चौघा निवृत्त मंडळींपैकी दोघांनी घेतली, एक विचार करतो आहे, आणि चौथ्याचे म्हणणे असे की, त्याला लहानपणी झालेला आहे.

बाजार अर्थात तसाच आहे. परवा जिन्याच्या तोंडाशी एक पल्लेदार पोते टेकवून भिंतीला धरून खोकत होता. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. पूर्वी आम्ही बाजूने निघून गेलो असतो. थांबून विचारले, "कितने दिन हो गए?"

"होंगे बाबूजी पंद्रह-बीस दिन. दाल की धूल है."

"घर में छोटा बच्चा है कोई?"

त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले आणि आमच्याकडे जरा चमकून पाहिले. "है," तो म्हणाला. "नाती है. दो महीने की."

पोते तेथेच राहिले. त्याला घेऊन आम्ही निघालो.